सशाला वेणी कशाला?



गेल्या वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी आम्ही पंचतंत्रातील सिंह व ससा यांची गोष्ट नाट्यरूपाने बसविली. उन्मत्त सिंहाला विहिरीत त्याचेच प्रतिबिंब दाखवून त्याचा नाश करणाऱ्या सशाची ही गोष्ट निपाणीतील कोणत्याही वर्गात नव्याने सांगावी लागत नाही. घरी मराठी बोलणारी आणि घरी कन्नड बोलणारी, अशी दोन्ही मुले ती जाणतात. मुखवटे कागदाच्या लगद्याचे करावयाचे ठरले. सशाचे काम एका मुलीकडे होते, तेव्हा सशाला काळ्या लोकरीच्या दोन वेण्या व तांबड्या रिबिनी हव्यात, असा मुलांनी आग्रह धरला. मूळ गोष्टीत नसलेला एक लबाड कोल्हाही आम्ही नाटकात घातला होता. त्याच्या डोक्यावर कुरळ्या केसांचा टोप चढविण्यात आला. लोकर मीच आणून दिली.

रंगीत तालमीच्या दिवशी दोन गोष्टी घडल्या. मागच्या बाकांवरील मुलांना ससा ओळखू येईना, कारण वेण्यांच्या गर्दीत त्याचे कान हरवले होते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर होती. वर्गातील एक कुरळ्या केसांचा मुलगा दुसऱ्या दिवशी डोक्यावर तेल थापून, केस चापूनचोपून बसवून आला. त्याला कोणी नावे ठेवली नव्हती. कोल्ह्याचा टोप पाहून वर्ग हसला होता, एवढेच. परंतु त्या हास्याचा अर्थ त्याने आपल्यापुरता लावला होता.

तेव्हापासून माणसासारखे वागणाऱ्या प्राण्यांना माणसासारखे केस द्यावेत काय, हा प्रश्न मला निव्वळ चित्रकाराचा वाटत नाही.

प्रथम निसर्गाकडे पाहू. अंगावर केस असणे हे सर्वच सस्तन प्राण्यांचे लक्षण आहे. आपले केस आणि मांजराची लव ही केराटिन नावाच्या एकाच जातीच्या द्रव्याची बनलेली असतात. भेद आहे तो वाढीच्या काळाचा. आपल्या डोक्यावरील केस महिन्याला सुमारे 1 सेंटिमीटर या गतीने 2 ते 6 वर्षे वाढत राहतो. मांजराच्या किंवा सशाच्या केसाची वाढ थोड्या काळात थांबते आणि ठराविक लांबीपुढे तो जात नाही. म्हणूनच माणसाला केस विंचरावे, कापावे, बांधावे लागतात. वेणी, अंबाडा, शेंडी, भांग हे सर्व आपल्या समाजजीवनाचे अलंकार होत. सशाला वेणी घालताना आपण त्याच्या माथ्यावर केवळ केस ठेवीत नाही, तर माणसाचे लिंग, वय, प्रतिष्ठा व रूढी यांचे सारे गाठोडेच ठेवीत असतो.

आपल्या भाषेने हा भेद फार पूर्वी ओळखला आहे. माणसाला केस, सशाला लव, मेंढीला लोकर, घोड्याला व सिंहाला आयाळ, कोंबड्याला तुरा असे वेगवेगळे शब्द आपण वापरतो. 1881 साली सुरू झालेल्या लोकमान्यांच्या ‘केसरी’चे नावही सिंहाच्या आयाळीवरूनच आले. केसर म्हणजे आयाळ आणि ती धारण करणारा तो केसरी. मोराला शिखी म्हणतात, तेही त्याच्या तुऱ्यावरून. ज्या प्राण्याला निसर्गानेच शिरोभूषण दिले आहे, त्याच्यावर उसनी केशरचना लादण्याचे कारण काय?

आपल्या जुन्या कलावंतांचा अनुभवही विचारात घेण्याजोगा आहे. अजिंठ्याच्या 17 व्या लेण्यात जातककथांची चित्रे आहेत. त्यांतील सहा सुळ्यांचा गजराज, महाकपी आणि हंस हे धर्म जाणतात व त्याग करतात, तथापि चित्रकाराने त्यांना हत्ती, वानर व हंस म्हणूनच रंगविले. त्यांचे मोठेपण त्यांच्या कृतीतून व देहाच्या ठेवणीतून दिसते. आमच्या कर्नाटकात बदामीच्या तिसऱ्या लेण्यात, इसवी सन 578 मधील, मानवी देहाचा व सिंहमुखाचा नरसिंह उभा आहे. हंपीचा 1528 मधील नरसिंह तर एकसंध पाषाणातील असून सुमारे 6.7 मीटर उंच आहे. मनुष्य आणि पशू यांचा असा संगम साधताना शिल्पकाराने मुख सिंहाचेच ठेवले. ख्रिस्ती कलेतही संत मार्क यांचे चिन्ह सिंह, संत लूक यांचे बैल आणि संत योहान यांचे गरुड आहे. त्यांना पंख असतात, कित्येकदा हातात ग्रंथ असतो, परंतु सिंहाला आयाळ पुरते आणि बैलाला शिंगे पुरतात.

अर्वाचीन काळातील उदाहरणे पाहा. बिएट्रिक्स पॉटर या इंग्रज लेखिकेने 1902 मध्ये पीटर नावाच्या सशाला निळे जाकीट चढविले. केस मात्र दिले नाहीत. 1905 मध्ये तिने टिगी-विंकल नावाची एक परटीण रंगविली. तिच्या टोपीतून बाहेर आलेल्या केसांच्या आकड्या वस्तुतः काटे असतात, कारण ती बाई साळिंदरासारखा एक लहानसा काटेरी प्राणी असते. येथे केसांचा भास हेच कथेचे रहस्य आहे. 1928 मध्ये पडद्यावर आलेल्या मिकी उंदराची ओळख त्याच्या दोन वाटोळ्या कानांनी झाली, आणि मिनीचे स्त्रीत्व दाखविण्यास एक झगा व पापण्यांचे केस पुरेसे ठरले.

याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. केसांमुळे एका दृष्टिक्षेपात म्हातारा कोण, मूल कोण, नटवा कोण हे कळते. लहान मुलांना ते पात्र आपल्यापैकी वाटते. ही सोय खरी आहे, आणि धोकाही तेथेच आहे. जे एका दृष्टिक्षेपात कळते त्यावर मूल पुन्हा विचार करीत नाही.

1994 मधील ‘द लायन किंग’ या चित्रपटात सज्जन राजाची आयाळ तांबूस आहे आणि कपटी भावाची काळी. आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या अरण्यात संशोधकांनी वेगवेगळ्या रंगांच्या व लांबीच्या आयाळी लावलेले बनावट सिंह उभे करून निरीक्षण केले. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार सिंहिणी गडद आयाळीच्या सिंहाकडे अधिक आकृष्ट होतात, कारण गडद आयाळ ही सशक्त व सुपोषित सिंहाची खूण असते. निसर्गात जी बलाची निशाणी, ती पडद्यावर दुष्टपणाची निशाणी झाली! काळ्या रंगाविषयीचा माणसाचा पूर्वग्रह आपण बिचाऱ्या सिंहाच्या मानेवर नेऊन बसविला. आमच्या कोल्ह्याच्या टोपात तरी दुसरे काय होते?

म्हणून माझे मत असे आहे. प्राण्याला निसर्गाने दिलेली आयाळ, तुरा, मिशा, शेपटीचा झुपका यांचाच उपयोग आधी करावा. माणूसपण दाखवावयाचे तर पागोटे, चष्मा, उपरणे, घोंगडी यांची मदत घ्यावी. वस्त्र उतरवून ठेवता येते, त्यामुळे ते पात्राच्या स्वभावाला जन्मभर चिकटत नाही. गोष्टच केसांविषयी असेल तर केस अवश्य द्यावेत. परंतु दुष्टपणा, मूर्खपणा किंवा केवळ मुलगी असणे दाखविण्यासाठी ते कधीही देऊ नयेत, कारण समोर बसलेल्या मुलांपैकी कोणाच्या तरी डोक्यावर तसेच केस असतात.

घरी किंवा शाळेत चित्रे काढणाऱ्यांसाठी एक साधी कसोटी सांगतो. आकृती संपूर्ण काळ्या रंगाने भरून काढा आणि दहा पावले दूर ठेवा. ससा ससाच दिसला तर चित्र जमले. नंतर केस पुसून पाहा. काही हरवले नाही तर ते केस मुळातच नको होते.

आम्ही वेण्या काढल्या आणि सशाचे कान चार बोटे लांब केले. टोप काढून कोल्ह्याला सुतळीची झुपकेदार शेपटी लावली. ती शेपटी करण्याचे काम मी त्या कुरळ्या केसांच्या मुलाकडेच दिले. संमेलनाच्या दिवशी पडद्यामागे तो तीच सावरीत उभा होता, आणि त्याचे केस नेहमीसारखे मोकळे होते.