काँग्रेस गवत फुलायच्या आधी ओळखा; फुलल्यावर उपटाल तर बी तुम्हीच पसराल

सातारा/सांगली : वळवाचा एखादा चांगला पाऊस झाला की बांधाला, पाटाच्या कडेला, उकिरड्याभोवती जमिनीला चिकटून पसरलेली हिरवी रोपं दिसायला लागतात. पान बघितलं तर गाजरासारखं कातरलेलं. कुणी ते झेंडूचं रोप समजून सोडून देतं, कुणी बघतच नाही. महिना-दीड महिन्यात पांढरी फुलं आली की मग कळतं, हे तर काँग्रेस गवत. तोवर उशीर झालेला असतो, कारण एक झाड हजारो बिया टाकतं आणि त्या मातीत काही वर्षं जिवंत राहतात.

त्यामुळं ओळखायचं ते रोप असतानाच. सुरुवातीला खोड नसतं, पानं ताटलीसारखी गोल पसरलेली असतात. पानावर बारीक लव असते, रंग जरा राखट हिरवा. झेंडूचं पान गुळगुळीत असतं आणि चुरगळलं की झेंडूचा उग्र वास येतोच. याला तो येत नाही. पुढं मधून खोड सरळ वर निघतं, त्यावर उभ्या रेघा असतात. शेवटी चांदणीसारखी पाच कोनांची बारकी पांढरी फुलं येतात, म्हणून चटकचांदणी हेही नाव पडलं. मूळ अमेरिका खंडातलं हे झाड आपल्याकडं १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलं. आयात गव्हाबरोबर आलं असं सांगतात.

नावात गवत असलं तरी हे गवत नव्हे, रुंद पानाचं तण आहे. म्हणून फक्त गवतवर्गीय तण मारणारी औषधं यावर चालत नाहीत, पैसे वाया जातात. उसात रुंद पानाच्या तणासाठी टू-फोर-डी मारतात, त्यानं हे मरतं. पण तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, पलूस या द्राक्षाच्या पट्ट्यात हे औषध म्हणजे विस्तवाशी खेळ. वाऱ्यावर त्याचा अंश शेजारच्या बागेत गेला तरी कोवळी पानं आकसून पंख्यासारखी होतात आणि शेंडा थांबतो. ज्या पंपानं ते मारलं तो पंप द्राक्षाला वापरायचाच नाही. बांधाच्या चार झाडांपायी शेजाऱ्याची बाग घालवण्यापेक्षा खुरपं बरं. काही जण मिठाचं पाणी मारतात. पडीक जागेला ते ठीक असेल, पण कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनीत आणखी मीठ कशाला?

उपटायचं तर जमीन ओली असताना, मुळासकट. वरचं कापलं तर बुडातून परत फुटतं. फुलाआधी उपटलेलं खड्ड्यात कुजवलं तर चांगलं खत होतं. फुलावर आलेलं मात्र उकिरड्यात टाकायचं नाही. बी शेणखतातनं थेट रानात जातं. पाटाचं पाणी, मुरमाच्या गाड्या, ट्रॅक्टरची चाकं हे पसरायचे बाकीचे रस्ते.

हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि नाकाला फडकं हवंच. पहिल्यांदा काही होत नाही म्हणून बाया उघड्या हातानं उपटतात. पण वारंवार संपर्क आला की कातडीला खाज, चट्टे येतात, आणि एकदा अंगावर उठायला लागलं की मग दरवेळी उठतं. परागकणांनी शिंका आणि दम्याचा त्रासही होतो. जनावरं सहसा तोंड लावत नाहीत, पण चाऱ्यातून गेलं तर दुधाला कडू वास येतो.

गायरान, रस्त्याकडेच्या मोठ्या पसाऱ्याला मेक्सिकन भुंगा कामी येतो. १९८३-८४ मध्ये तो मेक्सिकोतून बंगळूरला आणला. पांढरट पिवळा, पाठीवर गडद रेघा. तो आणि त्याची अळी या गवताची पानं खाऊन झाड वाळवतात. मध्यंतरी कर्नाटकात सूर्यफुलावर दिसला म्हणून आरडाओरड झाली होती, पण चौकशीत पिकाला धोका नसल्याचं ठरलं. पावसाळ्यात तो काम करतो, थंडी-उन्हाळ्यात जमिनीत दडून राहतो. ज्या झुडपांवर तो दिसेल तिथं फवारणी करू नये. दुसऱ्या गावातनं बाटलीत भरून आणून सोडता येतो, एका जागी ५०० ते १००० सोडावेत.

गाजर गवत जनजागृती सप्ताह दरवर्षी १६ ते २२ ऑगस्टला असतो. वळवावर उगवलेलं गवत तोवर फुलून बी टाकायच्या बेतात असतं. आपली पहिली फेरी जूनमध्येच व्हायला हवी, आणि बारमाही पाण्याच्या ऊसपट्ट्यात थंडीतही पाटाकडेनं एक चक्कर मारायला लागते.