काळ्या जमिनीचा स्वभाव आणि तिची जात

जुन्या मराठी दफ्तरांत गावाचे दोन भाग सांगितलेले आढळतात. एक काळी आणि दुसरी पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. या दोन शब्दांत शेतीचा एक मोठा अनुभव साठवलेला आहे. ज्या भारी काळ्या जमिनीत कापूस आणि शाळू जोमाने वाढतो, तिच्यावर बांधलेल्या घराच्या भिंतीला मात्र काही वर्षांतच चीर पडते. जी माती माणसाला पोसते, तीच त्याच्या घराचा पाया हलवते. हे दोन गुण वरवर परस्परविरोधी वाटतात. परंतु त्यांचे मूळ एकच आहे. ते मूळ कळले, म्हणजे मृदाशास्त्राने या जमिनीची जात कशी ठरवली, हेही सहज कळून येते.

प्रथम रंगाविषयीचा एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. काळी जमीन म्हणजे सेंद्रिय द्रव्याने समृद्ध जमीन, असे पुष्कळांना वाटते. रशिया व युक्रेन येथील गवताळ मैदानांतील ‘चेर्नोझेम’ या प्रसिद्ध काळ्या मातीविषयी ते खरेही आहे. वासिली दोकुचायेव या रशियन शास्त्रज्ञाने १८८३ साली तिच्यावर ग्रंथ लिहिला आणि आधुनिक मृदाशास्त्राचा पाया घातला. शतकानुशतके कुजत आलेल्या गवताच्या मुळांनी ती माती काळी झालेली आहे. दख्खनच्या काळ्या मातीत मात्र सेंद्रिय कर्बाचे प्रमाण बहुधा शेकडा एकाहूनही कमी असते. असलेले थोडेसे ह्यूमस चिकणमातीच्या कणांशी घट्ट निगडित होऊन राहते आणि त्यामुळे माती गडद दिसते. रंग सारखा, पण धर्म वेगळा. म्हणून केवळ रंग पाहून जमिनीची पारख करणारा फसण्याचा संभव असतो.

या जमिनीचा खरा धर्म तिच्या चिकणमातीत आहे. चिकणमाती अनेक प्रकारची असते. कोकणातील जांभ्याच्या मातीत केओलिनाइट हे खनिज प्रामुख्याने आढळते. त्याच्या कणांतील पापुद्रे एकमेकांना घट्ट धरून असतात आणि त्यांच्यामध्ये पाणी शिरू शकत नाही. काळ्या मातीत स्मेक्टाइट गटातील खनिजे असतात. फ्रान्समधील मोंमोरियों या गावावरून नाव पडलेले मॉन्टमोरिलोनाइट हे त्यांतील सर्वांत परिचित. त्याचे पापुद्रे सैल असतात. पाणी त्यांच्यामध्ये शिरले की ते दूर सरतात आणि पाणी गेले की पुन्हा जवळ येतात. विशेष हे की, कोकणची तांबडी माती आणि देशावरची काळी माती या दोन्ही पुष्कळ ठिकाणी एकाच बेसाल्ट खडकापासून झालेल्या आहेत. घाटाच्या पश्चिमेस मुसळधार पावसाने चुना, मॅग्नेशियम व सिलिका धुऊन नेली. पूर्वेस पाऊस बेताचा असल्याने ही द्रव्ये मातीत टिकून राहिली आणि त्यांतून फुगणारी खनिजे तयार झाली. या जमिनीत जागोजागी सापडणारे चुनखडीचे खडे त्याचीच साक्ष देतात. अर्थात खडक बेसाल्टच असला पाहिजे, असे नाही. कर्नाटकात व तमिळनाडूत नीस खडकाच्या प्रदेशातही अशी जमीन आढळते.

पावसाळ्यात फुगणे आणि उन्हाळ्यात आकसणे, हा या मातीचा वार्षिक क्रम होय. चैत्र-वैशाखात तिला हातभर, कधी त्याहूनही खोल भेगा पडतात. वरची भुसभुशीत माती वाऱ्याने, गुरांच्या पायांनी आणि पहिल्या सरीने त्या भेगांत पडते. पुढे पावसाने जमीन फुगली की आत पडलेल्या मातीला जागा पुरत नाही. दाब वाढतो आणि खालची माती तिरपी सरकून वर रेटली जाते. सरकणाऱ्या थरांच्या या घर्षणामुळे जमिनीच्या पोटात गुळगुळीत, चकचकीत पृष्ठभाग तयार होतात. खड्डा खणून ढेकूळ फोडले असता ते डोळ्यांना स्पष्ट दिसतात. शेतकरी नांगर धरो वा न धरो, ही जमीन अशा रीतीने स्वतःला हळूहळू ढवळतच असते.

या हालचालीचा परिणाम वनस्पतींवरही होतो. भेगा पडताना झाडांची मुळे तुटतात. म्हणून अशा जमिनीवर दाट अरण्य सहसा वाढत नाही. गवताचे तसे नाही. ते पावसात झपाट्याने वाढते आणि उन्हाळ्यात वाळून स्वस्थ राहते. अमेरिकेतील टेक्सासची काळी प्रेअरी, ऑस्ट्रेलियातील डार्लिंग डाउन्स आणि सुदानची विस्तीर्ण मातीची मैदाने ही मूळची अशीच तृणभूमी अथवा विरळ वृक्षांची गवताळ भूमी होय. दख्खनच्या माळांवरील मारवेल आणि पवना ही गवतेही याच कुळातील जमिनीची सोबती आहेत.

अशा मातीला देशोदेशी वेगवेगळी नावे होती. तेलुगूतील ‘रेगड’ या शब्दावरून इंग्रज भूवैज्ञानिकांनी ‘रेगूर’ हे नाव रूढ केले. कन्नडमध्ये ती एरे, तमिळमध्ये करिसल आणि बुंदेलखंडात मार. मोरोक्कोत तिला तीर्स म्हणतात. नावे अनेक, पण स्वभाव एक, हे ध्यानात आल्यावर शास्त्रज्ञांना समान संज्ञेची गरज भासू लागली. १९६० साली अमेरिकेच्या कृषी खात्याने मृदावर्गीकरणाचा जो नवा आराखडा प्रसिद्ध केला, त्यात या जमिनीस ‘व्हर्टिसॉल’ हे नाव मिळाले. त्यातील मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘उलटणे’ असा आहे. मातीचे नाव तिच्या रंगावरून न पडता तिच्या हालचालीवरून पडले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

व्हर्टिसॉलच्या कसोट्या तीन आहेत. चिकणमातीचे प्रमाण शेकडा तीस किंवा अधिक असावे. ठराविक काळाने उघडणाऱ्या व मिटणाऱ्या भेगा असाव्यात. आणि वरच्या एक मीटर खोलीत घर्षणाचे ते गुळगुळीत पृष्ठभाग अथवा पाचरीच्या आकाराची ढेकळे आढळावीत. पुढचे पोटवर्ग मुख्यतः हवामान आणि ओलावा यांवरून पाडलेले आहेत. पाणथळ, अतिथंड, भूमध्यसागरी व वाळवंटी प्रदेशांतील व्हर्टिसॉल वेगळे काढले जातात. उरलेल्यांत वर्षातून एकूण नव्वद दिवस किंवा अधिक काळ भेगा उघड्या राहणारे ‘उस्टर्ट’ आणि त्याहून कमी काळ राहणारे ‘उडर्ट’. भारतातील बहुतेक व्हर्टिसॉल उस्टर्ट गटात पडतात. १९७५ च्या वर्गीकरणात या उस्टर्टांचे पुढील विभाग रंगाच्या गडद-फिकेपणावरून केलेले होते. रंगावरून जमिनीच्या वागणुकीचा पुरेसा बोध होत नाही असे आढळल्याने १९९२ च्या सुधारणेत ते बदलून चुना, क्षार, जिप्सम यांसारख्या गुणांना महत्त्व देण्यात आले.

या भेदाचा शेतकऱ्याशी निकटचा संबंध आहे. भारतात काळ्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व त्यांच्याशी संलग्न अशा जमिनी सुमारे सात कोटी हेक्टर आहेत. पण खरे व्हर्टिसॉल त्यांच्या निम्म्याहूनही कमी भरतात. मुरमावर वीतभर खोल असलेली काळी जमीन दिसावयास तशीच असते. मात्र पावसाने आठ-पंधरा दिवस ओढ दिली की तिच्यातील पीक सुकते. उलट, दीड मीटर खोल भारी जमीन दोनशे मिलिमीटरच्या आसपास पाणी पिकासाठी साठवून ठेवते. त्या साठ्यावरच सोलापूरकडचा शाळू हिवाळाभर उभा राहतो. परंतु हीच भारी जमीन भिजून भेगा मिटल्या की पाणी आत घेणे जवळजवळ थांबवते. कोरडी असता दगडासारखी, ओली असता चिखल, आणि या दोहोंमध्ये वाफसा मिळतो तो थोडके दिवस. म्हणून पुष्कळ शेतकरी ती खरिपात पडीक ठेवीत आले. पाटणचेरू येथील आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने १९७२ नंतर यावर रुंद वरंबा व सरी ही पद्धत विकसित केली. जादा पाणी सरीतून हळूहळू निघून जाते आणि वरंब्यावरील पीक तगते.

पाण्याचा अतिरेक हा या जमिनीचा सर्वांत मोठा शत्रू होय. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला. निचऱ्याची सोय नसलेल्या भारी जमिनींत पाणी साचले, क्षार वर आले, आणि पंचवीस वर्षांच्या आतच पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे डॉ. हॅरल्ड मॅन यांना तेथील खारवटलेल्या जमिनींचा अभ्यास करावा लागला. सोडियम वाढला की मातीची घडण मोडते आणि जमीन चोपण होते. ती पुन्हा सुधारणे खर्चाचे आणि वर्षानुवर्षांचे काम असते.

इमारतींच्या बाबतीतही हाच धडा आहे. रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तळाशी कंदासारखा फुगीर भाग असलेले खांब या मातीसाठी विकसित केले. ऋतूंचा परिणाम जेथे पोहोचत नाही अशा, सुमारे साडेतीन मीटर खोलीवर ते पाय रोवतात. कालव्यांच्या अस्तरासाठी मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील डॉ. आर. के. कट्टी यांनी न फुगणाऱ्या मातीचा थर मध्ये घालण्याची युक्ती काढली. दोन्ही उपायांत मातीशी झुंज नसून तिच्या स्वभावाची दखल आहे.

पूर्वजांनी वस्तीसाठी पांढरी निवडली, ती याच जाणिवेने, असे म्हणावयास हरकत नाही. आज गावे वाढली, पांढरी अपुरी पडली, पाटाचे पाणी दूरवर पोहोचले. त्यामुळे काळीवर घर बांधण्याची आणि तिला बारमाही पाणी देण्याची वेळ आली आहे. अशा वेळी विहीर, पाया वा चर खणताना जमिनीच्या पोटाकडे एकवार निरखून पाहावे. भेग किती खोल गेली आहे, मुरूम कोठे लागतो, ढेकूळ कसे फुटते, हे तेथे दिसते. काळ्या जमिनीची जात तिच्या पाठीवर नव्हे, पोटात लिहिलेली असते.