पिळदार देहाची दुसरी बाजू

2021 च्या मे महिन्यात कल्याण-डोंबिवलीत काळ्या बुरशीने रुग्ण दगावले, तेव्हा ‘स्टेरॉइड’ हा शब्द घरोघरी पोहोचला. कोविडवर दिली जाणारी कॉर्टिकोस्टेरॉइडे रोगप्रतिकारशक्ती दडपतात आणि रक्तातील साखर वाढवितात, हे त्या वेळी सामान्यांनाही उमगले. व्यायामशाळेत दंड फुगविण्यासाठी टोचून घेतात ती ॲनाबॉलिक स्टेरॉइडे निराळी. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची ती भावंडे. परंतु निराळी म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाहीत.

रक्तात टेस्टोस्टेरॉन अधिक असलेल्या पुरुषांत फ्ल्यूच्या लशीनंतर प्रतिपिंडे कमी तयार होतात, असे स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांना 2013 साली आढळले. हा फरक निसर्गदत्त पातळीतला. पीळदार देहाच्या हव्यासापायी घेतली जाणारी मात्रा तर त्याच्या कितीतरी पट असते. अशा सर्वच औषधांचा परिणाम सारखा नसतो, हेही खरे. पण चोरवाटेने आलेल्या बाटलीत नेमके काय आहे, हे घेणाऱ्याला तरी कुठे ठाऊक असते? त्यातून एकच सुई दोघांनी वापरली, तर ‘ब’ प्रकारची कावीळ आणि एचआयव्ही यांना दार उघडेच. तेलकट औषध अशुद्ध असले, की दंडात गळू होते.

कायद्याने ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीखेरीज विकता येत नाहीत. ठाण्याचा किंवा डोंबिवलीचा महाविद्यालयीन मुलगा वारंवारच्या तापासाठी घरच्या डॉक्टरांपुढे बसतो, तेव्हा वडील शेजारी असतात. तो फक्त प्रोटीनच्या पावडरीचे नाव घेतो.