‘देवदास’ आज पाहताना

बी. एन. सरकार यांनी १९३१ साली कलकत्त्यात स्थापिलेल्या ‘न्यू थिएटर्स’ने १९३५ मध्ये ‘देवदास’ पडद्यावर आणला. शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांची मूळ कादंबरी १९१७ ची. दिग्दर्शक प्रमथेश बरुआ बंगाली आवृत्तीत स्वतःच नायक झाले. हिंदीत ती भूमिका कुंदनलाल सैगल यांनी केली. इतक्या वर्षांनंतर या बोलपटातले टिकले काय आणि विटले काय, याचा विचार करण्याजोगा आहे.

टिकला आहे तो संयम. त्या काळचे बोलपट बहुतांशी रंगभूमीच्या वळणाचे; आवाज चढा, अभिनय ठसठशीत. बरुआंनी मात्र पात्रांना हलक्या आवाजात बोलू दिले. सैगलांचे गाणेदेखील जवळ बसून केलेल्या हितगुजासारखे वाटते. आगगाडीत देवदास तळमळतो आणि त्याच वेळी दूर पार्वती व्याकूळ होते. ही दोन दृश्ये आलटूनपालटून दाखविण्याची रीत आजही परिणामकारक ठरते.

विटली आहे ती नायकाविषयीची भक्ती. कथेत पार्वती रात्री एकटी त्याच्याकडे येऊन आपले मन उघड करते. चंद्रमुखी आपला व्यवसाय सोडते. धैर्य दाखवितात त्या स्त्रिया, आणि सहानुभूती मिळते ती बापापुढे मान तुकविणाऱ्या, पार्वतीच्या कपाळावर घाव घालणाऱ्या पुरुषाला! तो घाव प्रेमाची खूण मानणे आजच्या प्रेक्षकाला जड जावे, हे योग्यच होय.

या निराशावादाला महाराष्ट्राने लौकरच उत्तर दिले. पुण्याच्या ‘प्रभात’साठी व्ही. शांताराम यांनी १९३९ मध्ये ‘माणूस’ काढला. शाहू मोडक यांचा पोलीस शिपाई गणपत प्रेमभंगाने कोसळतो. पण शांता हुबळीकर यांची मैनाच त्याला जगण्याकडे, कर्तव्याकडे परत पाठविते. प्रेम हे जीवनाहून मोठे नव्हे, हा त्याचा आशय.

तरीही ‘देवदास’ मागे पडला नाही. हिंदी आवृत्तीचे छायाचित्रण करणाऱ्या बिमल रॉय यांनी १९५५ मध्ये, तर संजय लीला भन्साळी यांनी २००२ मध्ये तो पुन्हा निर्मिला. कारण उघड आहे. योग्य वेळी ‘होय’ म्हणण्याचे धैर्य न झाल्याने आयुष्य हातचे जाते, हा अनुभव जुना झालेला नाही. म्हणून दोन्ही चित्रपट पाठोपाठ पाहावेत. ‘देवदास’ पाहून दुबळेपणाची किंमत कळते, आणि ‘माणूस’ पाहून ती चुकविण्याचा मार्ग.