निंबोळीचा धंदा करायचाय? मग बाटलीच्या आधी बारदान बघा!

नांदेड-लातूरकडच्या तरुणांचा एक प्रश्न ठरलेला असतो, "सर, बांधावर लिंबाची झाडं आहेत, निंबोळी अर्क बाटलीत भरून विकू का?" थांबा. आधी एका माणसाबद्दल वाचा.

सी. एम. केतकर. आयुष्यभर कडुनिंबावर काम केलं. 1976 साली खादी ग्रामोद्योग आयोगाच्या अखाद्य तेल आणि साबण विभागाने त्यांचं कडुनिंबाच्या उपयोगावरचं पुस्तक काढलं. पुढे पुण्यात 'नीम मिशन'. त्याआधी, 1962 मध्ये, दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत डॉ. एस. प्रधान आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की निंबोळीचं पाणी फवारलेल्या पिकाला टोळ तोंड लावत नाही. पण प्रयोगशाळेतली गोष्ट गावात चालायची तर निंबोळी गोळा कोण करणार, वाळवणार कोण, तेल-पेंड काढणार कोण? केतकर या बाजूचे. आणि माझ्या मते खरा धंदा याच बाजूला आहे.

कसा ते सांगतो. निंबोळीत ॲझाडिरॅक्टिन नावाचं द्रव्य असतं. कीड त्याने लगेच मरत नाही, तिचं खाणं कमी होतं, कात टाकणं बिघडतं. पण हे द्रव्य उन्हात लवकर नासतं. आपल्याकडे जून-जुलैत निंबोळ्या पडतात, नेमका पाऊस. लोक ओल्याच प्लास्टिकच्या पोत्यात कोंबतात, बुरशी येते, माल गेला! गर लगेच धुऊन काढा, बी सावलीत वाळवा, हवा खेळेल अशा बारदानात ठेवा. एवढं जमलं तरी तेल गिरणीवाल्यासमोर तुमचा माल वेगळा दिसेल. 2015 पासून देशातला सगळा युरिया निंबोळी तेलाचा लेप देऊन बनवायचा आहे, त्यामुळे तेलाला गिऱ्हाईक आहे.

स्वतःच्या शेतासाठी 5 टक्के अर्क कोणीही करू शकतो. 5 किलो निंबोळी पावडर रात्रभर 10 लिटर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, 200 ग्रॅम साबण चुरा मिसळा, पाणी घालून 100 लिटर करा. संध्याकाळी फवारा, त्याच दिवशी संपवा.

पण तोच अर्क बाटलीत भरून "अळी मारतो" असं लेबल लावलं की तुम्ही 1968 च्या कीटकनाशक कायद्यात आलात. केंद्रीय मंडळाची नोंदणी आणि राज्याचा उत्पादन परवाना, दोन्ही लागतात. "सेंद्रिय आहे, काय होतंय" म्हणणाऱ्या डीलरचं ऐकू नका. केस तुमच्यावर होते.

आता कागदपत्रांचं. ही गोष्ट मला फार आवडते. डब्ल्यू. आर. ग्रेस ही अमेरिकन कंपनी आणि तिथलं कृषी खातं यांना निंबोळी तेलाने बुरशी रोखण्याचं युरोपियन पेटंट मिळालं होतं. विरोधात वंदना शिवा आणि इतर उभे राहिले. म्युनिकला साक्ष द्यायला आपल्या महाराष्ट्रातले एक कारखानदार गेले, अभय फडके. हे आम्ही आधीपासून करतोय, शेतकऱ्यांच्या शेतात चाचण्याही घेतल्यात, असं त्यांचं म्हणणं. मे 2000 मध्ये पेटंट रद्द झालं. कंपनीचं अपील 8 मार्च 2005 ला फेटाळलं.

म्हणून या हंगामात एक साधी वही घाला. कोणत्या गावची निंबोळी, किती किलो, किती दिवस वाळली, कोणाला दिली. पहिल्या पोत्यापासून!