नवा संगणक, पडदा काळा: आधी तपासा, मग पैसे मोजा

उल्हासनगरच्या कापडबाजारापासून अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांपर्यंत, २०१७ साली जीएसटी आल्यापासून बिले आणि रिटर्न संगणकावरच अवलंबून आहेत. सुटे भाग जोडून नवा संगणक बनवला, पंखे फिरतात, पण पडद्यावर काहीच येत नाही, तर लगेच ‘मदरबोर्ड जळाला’ असे मानून खिशात हात घालू नये.

प्रथम मॉनिटरची केबल पाहावी. ग्राफिक्स कार्ड बसवले असेल तर ती कार्डालाच लावावी. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या क्रमांकाअखेर ‘एफ’ अक्षर असते, त्याला कार्डाशिवाय चित्रच दाखवता येत नाही. मग वीज बंद करून २४ पिनांच्या जोडणीखेरीज प्रोसेसरची वेगळी ४ किंवा ८ पिनांची जोडणी तपासावी. ती राहिली तरी पंखे फिरतातच. रॅमची एकच पट्टी ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबून बसवावी. डीडीआर-५ रॅम असल्यास पहिल्या वेळी काही मिनिटे सबुरीने थांबावे.

कारागीर बंधूंनीही खराब भाग गिऱ्हाइकाला दाखवूनच बदलावा. ऐब लपवून घेतलेल्या पैशात बरकत नसते.