दगडातली द्राक्षं आणि चितळेबाई

कळसूबाई चढताना लाव्हाचे थर एकावर एक रचलेले दिसतात, आणि या दगडात जीवाश्म का नाहीत, हा प्रश्न हमखास निघतो. तापलेल्या लाव्हात काय टिकणार? पण दोन उद्रेकांच्या मधल्या काळात जिथं तळी साचली, तिथं फळं-फुलं गाळात पडली. पाण्यातली सिलिका त्यांच्या पेशीपेशीत मुरली आणि चर्ट हा गारगोटीसारखा दगड तयार झाला. अकोले तालुक्यातला हा 1646 मीटरचा डोंगर ज्या दख्खन ट्रॅपचा, त्याच्याच पूर्व कडेला, नागपूर-छिंदवाडा भागात, असा चर्ट सापडतो. वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं!

अडचण एवढीच, की फळ दगडाच्या पोटात आणि एकटी चकती फसवते. लिंबू आडवं कापलं तर चाकाच्या आऱ्या दिसतात. उभं कापलं तर त्यांचा मागमूस नसतो. म्हणून सलग काप हवेत. ऑक्सफर्डच्या सोलास यांनी 1903 मध्येच जीवाश्म थराथरानं घासून, प्रत्येक थराचं चित्र घेऊन, त्यावरून मेणाची प्रतिकृती घडवण्याची रीत मांडली होती.

चर्टसाठी पुढं ‘पील’ पद्धत रुळली. घासून गुळगुळीत केलेला काप हायड्रोफ्लोरिक आम्लात थोडा वेळ ठेवायचा. सिलिका किंचित झिजते, पेशीभित्ती उघड्या पडतात. वर ॲसिटोन ओतून सेल्युलोज ॲसिटेटचा पातळ पापुद्रा अंथरायचा. वाळला की त्या पेशीभित्तींसकट सोलून काढायचा. पुन्हा घासायचं, पुन्हा आम्ल. हे आम्ल कातडीतून हाडापर्यंत पोचतं, हे ध्यानात ठेवून! शेवटी पापुद्र्यांची चळत उरते, फळ मात्र संपतं.

मायक्रो-सीटीनं ही नासाडी टळली. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं, ताडाच्या गोतावळ्यातलं हायफेनिओकार्पन हे फळ 2019 मध्ये क्ष-किरणांच्या चकत्या जोडून संगणकावर उभं राहिलं. बातम्यांत स्कॅनर मिरवतो; पण दगड आणि जीवाश्म दोन्ही सिलिकाचेच असले, की क्ष-किरणांना फरक कमी दिसतो. पेशींचा बारकावा हवा तर कापाकडेच वळावं लागतं.

त्या कापांमागे नागपूरची माणसं होती. तिथल्या विज्ञान संस्थेत श्यामला चितळे यांनी या चर्टमधल्या वनस्पतींवर वर्षानुवर्षं काम केलं. पुढं त्या अमेरिकेत क्लीव्हलंडच्या निसर्गेतिहास संग्रहालयात गेल्या. भंडाऱ्याचे दशरथ कापगते, फ्लोरिडाचे स्टीव्हन मँचेस्टर आणि स्मिथसोनियनच्या जुन वेन यांनी 2013 मध्ये द्राक्षकुळातली तोवरची सर्वांत जुनी फळं याच चर्टमधून जाहीर केली. नाव ठेवलं ‘इंडोव्हायटिस चितळेई’.